वडील कोर्टात बेलीफ, पोरगा १८ महिने तुरुंगात. तरी कराडच्या कोर्टात वकील म्हणून उभा राहिला

सांगवीत कुणाचा अपघात झाला, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली की घरात पहिला प्रश्न एकच निघतो. औंधच्या सिव्हिलला न्यायचं की वायसीएमला? पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी हे नाव असतं. रिक्षावाला, कंडक्टर, मेडिकलवाला सगळे वायसीएमच म्हणतात. वाय म्हणजे यशवंतराव, सी म्हणजे चव्हाण, एम म्हणजे मेमोरियल. यशवंतराव चव्हाण म्हणजे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, हेही शाळेच्या पुस्तकामुळे पाठ असतं.

पण हे मुख्यमंत्री होण्याआधी वकील होते, आणि वकील होण्याआधी शिक्षा भोगून आलेले कैदी होते, हे फारसं कुणाच्या डोक्यात नसतं. तुरुंगात गेले तेव्हा त्यांची मॅट्रिकसुद्धा झाली नव्हती. तुरुंगातून सुटल्यापासून वकिलीची परीक्षा पास होईपर्यंत त्यांची ८ वर्षं गेली. आणि एवढं करून मिळवलेली वकिली त्यांनी वर्षभरात पणाला लावली.

गोष्ट सुरू होते ती कोर्टातूनच.

१२ मार्च १९१३ रोजी यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रे इथं झाला. हे त्यांचं आजोळ. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. बेलीफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन पक्षकाराच्या दारात जाणारा माणूस. जप्तीचा हुकूम निघाला तर तो बजावायलाही बेलीफच जातो. न्यायव्यवस्थेच्या शिडीवर ही अगदी खालची पायरी. साहेब खुर्चीत बसणार, वकील बोलणार आणि बेलीफ उन्हातान्हात गावोगाव हिंडणार.

यशवंत चार-पाच वर्षांचा असताना प्लेगच्या साथीत बळवंतराव गेले. पदरात लहान मुलं, जमीन म्हणाल तर नावापुरती. आई विठाई यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वडिलांच्या पश्चात थोरले बंधू ज्ञानोबा यांना कोर्टातच नोकरी मिळाली आणि घर कसंबसं उभं राहिलं. मधले बंधू गणपतराव. शेंडेफळ यशवंत. पुढची सगळी गोष्ट वाचताना ही माणसं लक्षात ठेवा, कारण यशवंताच्या प्रत्येक निर्णयाचं बिल यांच्या नावानं फाटलेलं आहे.

यशवंत कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होता. त्याचा एक किस्सा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मोठेपणी कोण होणार, असं गुरुजींनी वर्गात विचारलं. कुणी टिळक होणार होतं, कुणी गांधी. या पोरानं मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार, असं लिहून दिलं. किस्सा गोड आहे, पण त्याच्या आयुष्याला वळण लावणारी गोष्ट वेगळीच होती. सप्टेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांचा ६३ दिवसांच्या उपोषणानंतर मृत्यू झाला. राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवा, एवढीच त्यांची मागणी होती. या बातमीनं कराडमधला हा १६ वर्षांचा मुलगा मुळापासून हलला.

पुढच्याच वर्षी कायदेभंगाची चळवळ सुरू झाली. यशवंत सभांना जाऊ लागला, बोलू लागला. बोलणं चांगलं होतं. पुण्यात नूतन मराठी विद्यालयात झालेल्या वक्तृत्व स्पर्धेत त्यानं पहिलं बक्षीस मारलं होतं. अशा पोराकडे बघून कुणीही म्हटलं असतं, की हा वकील होणार.

पण आधी आला तुरुंग. २६ जानेवारी १९३२ रोजी टिळक हायस्कूलच्या आवारात तिरंगा फडकावला म्हणून यशवंताला अटक झाली. शिक्षा १८ महिने सक्तमजुरी. वय १८ पूर्ण, १९ वा वाढदिवस गजाआड.

अजून सुटायची एक वाट होती. माफी मागितली तर सोडून देतील, असा निरोप होता. शाळेतले एक शिक्षक विठाईंना घेऊन त्याला भेटायला गेले आणि त्यांनी माफीचा विषय काढला. हेतू वाईट नव्हता. हुशार पोरगं आहे, वर्ष वाया जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. विठाईंनी मात्र मास्तरांनाच थांबवलं. माफी कशाची मागायची, असं विचारलं आणि पोराला तब्येतीला जप म्हणून सांगून त्या निघाल्या. ज्या घरातला एक मुलगा कोर्टाच्या पगारावर घर चालवत होता आणि दुसऱ्याला सरकारनं गुन्हेगार ठरवलं होतं, त्या घरातल्या बाईनं हे म्हटलं होतं. नोकरीवर गदा आली असती तर दोन वेळचं जेवण कुठून आलं असतं, हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

यशवंताची रवानगी येरवड्याला झाली. सांगवी आणि दापोडीच्या शिवेवर पवना मुळेला मिळते आणि ते पाणी पुढे ज्या येरवड्यावरून वाहत जातं, तेच हे येरवडा. चळवळीत एवढे लोक पकडले गेले होते की नेहमीचा तुरुंग अपुरा पडला आणि कैद्यांसाठी कॅम्प जेल उभं करावं लागलं होतं. कराडच्या शाळेतलं पोरगं अशा ठिकाणी येऊन पडलं, जिथं अर्धा महाराष्ट्र आधीच हजर होता. आचार्य भागवत, ह. रा. महाजनी, वि. म. भुस्कुटे, एस. एम. जोशी. कुणी संस्कृतचा पंडित, कुणी समाजवादी, कुणी गांधीवादी. दिवसा काम आणि संध्याकाळी वर्ग. कालिदास इथं वाचला गेला, शेक्सपिअर इथं समजला, मार्क्सवरून वादही इथंच झाले.

मॅट्रिक न झालेल्या पोराला बाहेर कुठल्या कॉलेजनं दारात उभं केलं नसतं. तुरुंगानं त्याला थेट वरच्या वर्गात बसवलं. याचा अर्थ तुरुंग चांगला होता असा नाही. पुढे त्याला नगर जिल्ह्यातल्या विसापूरच्या जेलमध्ये हलवलं, ते तर आणखी रखरखीत. पण १८ महिन्यांत त्याचं डोकं वयाच्या पुढे गेलं, ही गोष्ट खरी.

(आज महाराष्ट्रातल्या तुरुंगांतले अनेक कैदी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतात. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या त्या विद्यापीठाचं नाव यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाव ठेवताना कुणी एवढा विचार केला असेल की नाही देव जाणे, पण जुळून आलंय.)

१९३३ मध्ये यशवंत सुटला. आता खरी अडचण.

तुरुंगातून सुटलेल्या राजकीय कैद्याचं गावात स्वागत होतं, हार पडतात, चार दिवस भाषणं होतात. पाचव्या दिवशी सकाळी उठून काय करायचं, हे कुणी सांगत नाही. बरोबरची पोरं पुढच्या इयत्तांत गेलेली. कपाळावर शिक्षेचा शिक्का, त्यामुळे सरकारी नोकरीची आशा सोडलेली बरी. आणि चळवळीचे मित्र म्हणणार, की शाळा-बिळा सोड, पूर्णवेळ कामाला लाग. विशीतल्या पोराला हे आमंत्रण नाकारणं सोपं नसतं.

यशवंत परत शाळेत गेला. ज्याच्याबरोबर आचार्य भागवत कालिदासावर बोलले होते, तो पोरगा पुन्हा बाकावर बसून मॅट्रिकची तयारी करू लागला. १९३४ मध्ये मॅट्रिक झाला, म्हणजे वयाच्या २१ व्या वर्षी. तुरुंगात जाण्याच्या धाडसाबद्दल खूप लिहिलं जातं. सुटून आल्यावर आपल्यापेक्षा लहान पोरांबरोबर परीक्षेला बसण्याबद्दल कुणी लिहीत नाही. हिशेब केला तर दुसरं काम जास्त कठीण असावं.

पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. तिथं तेव्हा ना. सी. फडके आणि माधव जूलियन यांच्यासारखी मंडळी शिकवत होती. पैशाची ओढाताण कायमची. गणपतरावांनी कराडात प्रपंचाचा भार खांद्यावर घेतला, म्हणून यशवंताला कोल्हापुरात राहता आलं. कॉलेज चालू असतानाही राजकारण सुटलं नव्हतं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत साताऱ्यातून आत्माराम पाटील या शेतकरी घरातल्या कार्यकर्त्याला तिकीट मिळावं म्हणून हे तरुण इरेला पेटले आणि त्यांनी निवडूनही आणलं. १९३८ मध्ये इतिहास आणि राजकारण हे विषय घेऊन यशवंतराव बी.ए. झाले. आणि मग पुण्याचं लॉ कॉलेज.

लॉ कॉलेज रोडवर आज कॅफे शोधत फिरणाऱ्या पोरांना त्या रस्त्याला हे नाव ज्या कॉलेजमुळे पडलं ते माहीत असतं. १९२४ साली सुरू झालेलं हे कॉलेज. त्यात येरवड्याची हवा खाऊन आलेला विद्यार्थी दंडविधानाची कलमं पाठ करत होता. एकदा स्वतःला लागलेलं कलम परीक्षेसाठी वाचताना काय वाटत असेल, याची कल्पना केलेली बरी.

आता एक प्रश्न पडायला हवा. ज्याला कोर्टानं शिक्षा दिली, त्याला कोर्टातच वकिली करायला परवानगी कशी मिळाली?

प्रश्न रास्त आहे, कारण त्या काळात नेहमी मिळत नव्हती. सावरकरांनी लंडनला ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास पूर्ण केला, पण १९०९ मध्ये राजकीय हालचालींवर बोट ठेवून त्यांना बॅरिस्टरी नाकारली गेली. गांधीजी तर आधीपासून बॅरिस्टर होते. १९२२ मध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झाल्यावर त्याच वर्षी लंडनच्या इनर टेम्पलनं त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं. ते परत घातलं १९८८ मध्ये, गांधीजी जाऊन ४० वर्षं झाल्यावर! म्हणजे राजकीय शिक्षा हा वकिलाच्या आयुष्यातला शेवट ठरू शकत होता.

यशवंतरावांची वेळ आली तोवर वारं फिरलं होतं. मुंबई प्रांतात १९३७ ते १९३९ काँग्रेसचं सरकार होतं. त्याचे प्रमुख बाळासाहेब खेर हे स्वतः सॉलिसिटर आणि स्वतः तुरुंगवास भोगलेले. तुरुंगात जाऊन आलेला माणूस सरकार चालवतो हे लोकांनी पाहिलं होतं. झेंडा लावला म्हणून झालेली शिक्षा आणि चोरी-फसवणुकीची शिक्षा यांत फरक असतो, हे आता वेगळं पटवून द्यावं लागत नव्हतं.

हा फरक आजच्या कायद्यातही आहे. अधिवक्ता कायदा १९६१ च्या कलम २४अ नुसार नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला वकील म्हणून नाव नोंदवता येत नाही. पण त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे, की सुटका होऊन २ वर्षं झाल्यावर ही अपात्रता संपते. म्हणजे शिक्षा भोगून आलेल्या माणसाला वकिलीचं दार कायमचं बंद नाही. आपल्याकडे किती जणांना हे माहीत असतं? शिक्षा झाली की माणूस संपला, असंच आपण धरून चालतो.

तर १९४१ मध्ये यशवंतराव एलएल.बी. झाले आणि कराडला परतून त्यांनी वकिली सुरू केली.

पुण्यात किंवा मुंबईत न थांबता कराडच का? घर तिथं होतं, संघटना तिथं होती. १९४० मध्येच ते सातारा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. पण या परतण्याला आणखी एक अर्थ होता. तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालणारे तेव्हा बहुतेक पांढरपेशा घरांतले असायचे. शेतकरी यायचा तो पक्षकार म्हणून. कुणबी-मराठा घरातला, तोही बेलीफाचा पोरगा वकील होऊन समोर येतो, हे कराडच्या पंचक्रोशीत लहान दृश्य नव्हतं. ज्या खात्यात बापानं समन्स वाटण्यात आयुष्य काढलं, भावानं चाकरी केली, तिथं आता धाकटा वकीलपत्र घेऊन उभा राहिला.

घराला पहिल्यांदा थोडा दम मिळाला. आता तरी बस्तान बसेल, असं विठाईंना वाटलं असणार. २ जून १९४२ रोजी फलटणच्या मोरे घराण्यातल्या वेणूताईंशी यशवंतरावांचं लग्न झालं. वकील जावई, नाव असलेला, फलटणकरांनी काय हिशेब केला असेल ते ओळखायला ज्योतिषी लागत नाही.

संसाराला दोन महिने आणि काही दिवस मिळाले.

८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला. यशवंतराव तिथं हजर होते. परत आले ते घरी न राहता भूमिगत झाले. त्यांच्यासारख्यांनी आखलेले मोर्चे सातारा जिल्ह्यात एकामागून एक कचेऱ्यांवर निघाले. २४ ऑगस्टला कराडच्या मामलेदार कचेरीवर, ३ सप्टेंबरला तासगावला. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसं मेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या. ज्या वकिलानं वर्षभरापूर्वी कराडात बैठक मांडली होती, त्याला पकडून देणाऱ्याला सरकारनं बक्षीस लावलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. १९३२ मध्ये यशवंतकडे गमावण्यासारखं फार नव्हतं. १९४२ मध्ये सगळं होतं. सनद होती, बायको होती, वाट बघणारं घर होतं. वयाच्या १८ व्या वर्षी उडी मारणं आणि २९ व्या वर्षी, ८ वर्षं खर्चून मिळवलेलं पोट मागे ठेवून उडी मारणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि त्याची किंमत चुकवली घरानं. यशवंतराव हाताला लागत नाहीत म्हटल्यावर पोलीस घरच्यांकडे वळले. जानेवारी १९४३ मध्ये वेणूताईंना अटक झाली. लग्नानंतरची पहिली संक्रांत, जिथं नव्या सुनेला हलव्याचे दागिने घालायचे, त्या दिवसांत ती तुरुंगात. राजकारणाशी त्यांचा संबंध एवढाच, की त्या एका फरारी वकिलाच्या पत्नी होत्या. गणपतरावांनाही पकडलं. त्याच काळात शस्त्रक्रियेनंतर थोरले ज्ञानोबा वारले. कोर्टाच्या नोकरीवर ज्यांनी हे घर तगवलं, ते गेले, आणि धाकट्या भावाला उघडपणे घरी येऊन रडताही येत नव्हतं.

तुरुंगातून सुटून आलेल्या वेणूताईंची तब्येत ढासळली. त्या माहेरी फलटणला होत्या. यशवंतराव लपतछपत त्यांना भेटायला गेले आणि तिथंच पोलिसांच्या हाती लागले. साल १९४३. महिनोन्‌महिने जिल्ह्यात पोलिसांना हूल देणारा माणूस शेवटी सापडला तो आजारी बायकोच्या उशाशी. पुन्हा खटला, पुन्हा तुरुंग.

१९४४ मध्ये ते सुटले, तेव्हा परिस्थिती १९३३ सारखीच होती आणि नव्हतीही. पुन्हा हात रिकामे होते. पण या वेळी शाळेच्या बाकावर परत जायचं नव्हतं, वकिलीचं शिक्षण गाठीशी होतं. दुसरीकडे घरात कमावणारा आधार राहिला नव्हता. ज्ञानोबांच्या मागं त्यांचं कुटुंब, गणपतरावांना जडलेला क्षय, वेणूताईंचं दुखणं आणि म्हातारी आई. साध्या माणसानं या टप्प्यावर राजकारणाला रामराम ठोकून कराडात वकिलीत मन घातलं असतं आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती.

यशवंतरावांच्या मनातही ओढाताण होतीच. १९४६ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्यांना मंत्रिपद नाही, पार्लमेंटरी सेक्रेटरीचं पद देऊ केलं गेलं. घर या अवस्थेत टाकून मुंबईला जायचं की नाही, यावर बराच खल झाला. आजारी गणपतरावांनीच त्यांना मागे न राहण्याचा आग्रह धरला. खातं मिळालं गृह. मंत्री मोरारजी देसाई, आणि त्यांच्या हाताखाली यशवंतराव. म्हणजे ज्या खात्याचे पोलीस चार वर्षांपूर्वी त्यांना शोधत हिंडत होते, त्याच खात्याच्या फायली आता त्यांच्या टेबलावर येऊ लागल्या.

गणपतराव डिसेंबर १९४७ मध्ये गेले.

कोर्टातली वकिली तिथंच संपली. कायद्याशी संबंध मात्र संपला नाही, तो उलट्या बाजूनं सुरू झाला. मुख्यमंत्री असताना यशवंतरावांच्या सरकारनं १९५८ मध्ये महार वतनं रद्द करणारा कायदा केला, १९६० मध्ये सहकारी संस्थांचा, १९६१ मध्ये जमिनीच्या कमाल मर्यादेचा आणि जिल्हा परिषदांचा. भोसरीपासून चाकणपर्यंत ज्या एमआयडीसीच्या पाट्या दिसतात, त्या महामंडळाचा कायदाही १९६१ चा, त्यांच्याच कारकिर्दीतला. पुढे ते देशाचे संरक्षणमंत्री झाले आणि नंतर देशाचे गृहमंत्रीही.

१ जून १९८३ रोजी वेणूताई गेल्या. त्यानंतर एकटे पडलेले यशवंतराव आत्मचरित्रात गुंतले. पहिला खंड कृष्णाकाठ या नावानं १९८४ मध्ये आला आणि तो त्यांनी वेणूताईंना अर्पण केला. हे पुस्तक १९४६ मध्ये, कराड सोडून मुंबईला निघण्याच्या टप्प्यावर थांबतं. मुख्यमंत्रिपद, दिल्ली, चीनच्या युद्धानंतरचं संरक्षण खातं, यातलं काहीच त्यात नाही. ते पुढच्या खंडांत यायचं होतं. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि ते खंड लिहायचे राहून गेले.